सासूबाईंचा संशय आणि टाकीतली मधली रेघ

बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, थोडं कापून देतो.

"काका, आमचं घर जुनं, वर माडी चढवलीय. खाली आम्ही, माडीवर भाडेकरू, नवरा-बायको आणि सहा महिन्यांचं बाळ. स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी आहे. परसात विहीर आहे, मोटारीनं पाणी वर चढवतो, शिवाय नळ आला की त्याचंही पाणी घरच्या लाइनला जोडून घेतलंय. अक्षय तृतीयेनंतर रोज एकच तमाशा चाललाय. रात्री टाकी गच्च भरून झोपायचं आणि सकाळी बघावं तर पाणी बरोब्बर मधल्या कड्यापाशी. दुपारपर्यंत ठणठणाट. सासूबाई म्हणतात वरची बाई रात्री कपडे धुते. त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलंय, नोटीस द्या म्हणून माझ्या मागं लागल्यात. तशी ती नाजूकच आहे, मोटार लावली की टाकीत पाणी पडल्याचा आवाज होतो, बाळ उठतं म्हणाली, तर आम्ही प्लंबरला सांगून टाकीतला पाइप आत वाढवून दिला, त्याचेही उपकार नाहीत. प्लंबर दोनदा येऊन गेला, नळाच्या दोन चाव्या (तोट्या) बदलल्या, फरक शून्य. आता म्हणतो भिंतीतली लाइन सगळी सडलीय, फोडून नवीन घाला, पस्तीस हजार. मिस्टर पुण्याला असतात, महिन्यातून एकदा येतात. त्यात स्वयंपाकघरातली चावी गळते, मी व्हिडिओ बघून आतला वायसर (वॉशर) बदलला तर आधीपेक्षा जास्त गळायला लागली. वरच्या न्हाणीत दुपारनंतर नळ नुसता फुरफुरतो. सिंकला वास येतो तो वेगळाच. मंगाईदेवीच्या जत्रेला वीस माणसं जेवायला आहेत. भिंत फोडू का?"

ताई, भिंत फोडू नका. आणि नोटीस तर अजिबात देऊ नका, कारण तुमचं पत्र मी तीनदा वाचलंय आणि मला जे वाटतंय ते खरं निघालं तर त्या वरच्या वहिनींनी तुमचं तांब्याभर पाणीसुद्धा जास्त वापरलेलं नाही.

आधी हिशोब करू, वहीच्या मागच्या पानावर मावेल एवढाच आहे. हजार लिटरची टाकी अर्धी होते म्हणजे पाचशे लिटर गेलं. आपली नेहमीची बादली पंधरा लिटरची धरली तर तेहतीस बादल्या. आता सासूबाईंनाच विचारा की रोज रात्री तेहतीस बादल्या पाण्यात सहा महिन्यांच्या बाळाचे किती लंगोट धुऊन होतील, आणि एवढं पाणी मोरीतून वाहून खाली गटारात पडताना त्यांना एकदाही आवाज कसा आला नाही, ज्यांना वरच्या माडीवर वाटी पडली तरी कळतं. दुसरं म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास, पाचशे लिटर, म्हणजे मिनिटाला लिटरभर. ही गळती थेंबांची नाहीच, ही चांगली पेन्सिलीएवढी धार आहे. तुमची स्वयंपाकघरातली चावी कितीही गळू दे, तिच्याखाली तांब्या ठेवून घड्याळ लावा, लिटरचा तांब्या अर्ध्या तासात भरला तर दिवसाचे अठ्ठेचाळीस लिटर होतात. वाईटच आहे, पण एका रात्रीत पाचशे होत नाहीत. म्हणून प्लंबरनं चाव्या बदलल्या तरी फरक पडला नाही, तो पडणारच नव्हता.

आणि मिनिटाला लिटर एवढं पाणी भिंतीच्या आत रोज मुरत असतं तर एव्हाना तुमच्या सोप्याच्या भिंतीला पोपडे धरून रंग खाली आला असता, शेजारचे भांडायला आले असते. तुम्ही ओलीचं एक अक्षर लिहिलेलं नाही. मग पस्तीस हजाराची भिंत कशाच्या जोरावर फोडायची?

आता पत्रातल्या दोन गोष्टी, ज्या तुम्ही चालता चालता लिहून टाकल्यात. एक, पाणी रोज सकाळी "बरोब्बर मधल्या कड्यापाशी" असतं. दुसरी, बाळ उठतं म्हणून पाइप टाकीत आत वाढवून घेतला. तुम्ही ती वरच्या बाईच्या नखऱ्याची तक्रार म्हणून लिहिलीत, मला तिथंच खरं उत्तर दिसतंय. कुणी पाणी वापरत असेल किंवा पाइप फुटला असेल तर सकाळी पाणी आज इथं, उद्या तिथं, असं कमीजास्त दिसणार. रोज एकाच रेघेवर येऊन थांबतंय याचा अर्थ त्या रेघेला काहीतरी आहे. आणि माझा अंदाज असा की त्या रेघेला तुमच्या वाढवलेल्या पाइपचं तोंड आहे.

रेशनचं रॉकेल आठवतंय का? तुमचं वय मला माहीत नाही, पण सासूबाईंना नक्की आठवेल. पिंपात नळी घालायची, तोंडानं एकदा ओढायचं, थुंकायचं, आणि नळीचं दुसरं टोक खालच्या डब्यात सोडायचं, की मग रॉकेल आपोआप येत राहायचं, पिंपातलं नळीचं टोक उघडं पडेपर्यंत. तुमच्या घरात तेच चाललंय. मोटार बंद झाली की विहिरीपासून टाकीपर्यंतचा पाइप पाण्यानं भरलेला असतो आणि त्याचं वरचं तोंड आता टाकीच्या पाण्यात बुडलेलं आहे. हे पाणी खाली परत जाऊ नये म्हणून विहिरीत पाइपच्या टोकाला फुटवॉल असतो, त्यात एक झडप असते, ती पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. त्या झडपेत वाळूचा खडा अडकला, रबर कडक झालं, की ती नीट मिटत नाही. मग टाकीतलं पाणी मोटारीतूनच उलटं खाली. पाइपचं तोंड उघडं पडलं, हवा आत शिरली, की थांबलं. मधल्या कड्यापाशी.

म्हणजे तुमचं पाणी तुमच्याच विहिरीत जातंय ताई. रोज रात्री.

आधी पाइप वरच्या वर संपत होता, टाकीत पाणी उंचावरून पडायचं, म्हणून आवाज यायचा आणि म्हणूनच फुटवॉल खराब असला तरी फक्त पाइपातलं पाणी खाली जायचं, टाकीतलं जायचं नाही. फुटवॉल कदाचित वर्षभर खराब असेल. आणखी एक विचारतो, सकाळी मोटार सुरू करताना तिच्यात तांब्याभर पाणी ओतावं लागतं का, नाहीतर नुसती घोंघावते आणि पाणी उचलत नाही? तसं असेल तर मला नव्व्याण्णव टक्के खात्री.

पण माझ्या खात्रीवर जाऊ नका. दुकानाच्या काउंटरवर बसून लोकांच्या गळत्या ऐकण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि ऐकून सांगितलेलं निदान कधी कधी सपशेल चुकतं, तेव्हा एक चाचणी करा, खर्च शून्य आहे. रात्री जागायची गरज नाही, आणि आषाढात रात्री शेवाळलेल्या स्लॅबवर तर मुळीच चढू नका. दुपारी दोन वाजता करा. दोन्ही घरांत पिण्याचं, वापरायचं पाणी बादल्यांत भरून ठेवा, मग टाकी पूर्ण भरा, मोटार बंद करा, मोटारीचा मेन स्विचच पाडा. मग टाकीच्या बुडाजवळ जो घरात जाणारा पाइप आहे त्याचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद करा. आता खाली येऊन कुठलीही चावी सोडा. पाइपातलं उरलेलं पाणी येईल आणि थांबेल. थांबलंच नाही तर तो गेटवॉल कामातून गेलाय, जुन्या गेटवॉलमध्ये आतली पितळी पाटी दांड्यापासून सुटते आणि वरचं चाक नुसतं गरागरा फिरतं, आपल्याला वाटतं बंद केला. तसं असेल तर पुढची चाचणी खोटी ठरेल, आधी वॉल बदला.

वॉल बंद झाला असेल तर झाडूचा दांडा घ्या, टाकीच्या तोंडावर आडवी पट्टी ठेवून तिथून पाण्यापर्यंत किती ते दांड्यावर खडूनं रेघ मारा. दर अर्ध्या तासानं पुन्हा. सासूबाईंना खाली खुर्चीवर बसवा आणि आकडे त्यांना वहीत लिहायला सांगा, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर उद्या म्हणतील तुम्ही दोघी मिळून आकडे घातलात. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण नऊ लिटर.

घरात जाणारा वॉल बंद असून पाणी भराभर उतरलं आणि मधल्या कड्यापाशी येऊन थांबलं तर खटला निकाली. उतरलंच नाही तर माझा अंदाज चुकला, मग वॉल उघडा, दोन्ही घरांतल्या चाव्या बंद ठेवून पुन्हा तेवढाच वेळ मोजा, आता उतरलं तर चोर घरातल्या लाइनवर आहे. आणि वॉल बंद असताना पाणी उतरतंय पण कुठल्या एका रेघेवर थांबत नाही, सावकाश खालीच चाललंय, तर टाकीचं बूड बघा, निपलच्या, म्हणजे टाकीला पाइप जोडणाऱ्या आट्यांच्या तुकड्याच्या, सांध्याभोवती ओल दिसेल.

उलटा जाणारा पाइप निघाला तर दुरुस्ती हसू येईल एवढी साधी आहे. आत वाढवलेला तुकडा आटे फिरवून निघतो का बघा, निघाला तर काढून टाका. चिकटवलेला असेल तर टाकी थोडी रिकामी करून हॅक्सॉ ब्लेडनं वर कापा, भरलेल्या टाकीच्या पाण्याच्या चार बोटं वर तरी त्याचं तोंड राहिलं पाहिजे. कापताना भुगा पाण्यात पडू देऊ नका, खाली ताट धरायला कुणीतरी लागेल, त्या वरच्या वहिनींनाच बोलवा. आता बाळाचं काय? तोंडाला एक एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, लावा आणि त्याचं तोंड टाकीच्या भिंतीकडं करा, पाणी भिंतीवरून ओघळत खाली जातं, धबाधबा पडत नाही. बाळ झोपेल. कापायचं नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे त्या आतल्या पाइपला वरच्या बाजूला, पाण्याच्या वर राहील असं, सहा-आठ एमएमचं एक भोक. मोटार थांबली की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पण ड्रिल मशीन घेऊन पाण्यानं भरलेल्या टाकीवर वाकायचं नाही हां, तुकडा काढून खाली आणून भोक पाडा.

फुटवॉल मात्र माणसाकडून बदलून घ्या. विहिरीत वाकून पाइप ओढायचं काम एकट्या बाईचं नाही, एकट्या पुरुषाचंही नाही. तो माणूस कानडीत "नाळे बर्तेन्री", उद्या येतो, म्हणेल आणि चार दिवस येणार नाही, चालेल, पाइप वर कापलाय म्हटल्यावर टाकी तर रिकामी होणार नाही, फक्त सकाळी मोटारीत तांब्याभर पाणी घालावं लागेल. तो आला की मोटारीच्या पुढं वर जाणाऱ्या लाइनवर एक एनआरवी, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा वॉल, तोही घालून घ्या.

आणि घरातली लाइनच चोर निघाली तर? मग मला दोन जागांचा संशय आहे. पहिली संडासातली फ्लशची टाकी. ही मुकी चोर. आतली रबरी सील क्षार बसून नीट टेकत नाही आणि पाणी भांड्यात झिरपत राहतं, पातळ पडद्यासारखं, आवाज नाही. टाकीत कपड्याची नीळ चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं दिसलं तर सील गेली. काढा, लिंबू नाहीतर व्हिनेगर लावून क्षार घासून काढा, रबर मऊ असेल तर चालेल, कडक झालं असेल तर नवीन. दोन्ही मजल्यांवर करा बरं का, फक्त वरच्या नको. फ्लशच्या टाकीत मधे जी उभी नळी असते, ओव्हरफ्लोची, तिच्या तोंडापासून पाणी इंचभर खाली थांबलं पाहिजे. तोंडातून आत पडत असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी कमी करा.

दुसरी जागा, तुम्ही लिहिलंय नळाचं पाणी घरच्या लाइनला जोडलंय. बेळगावात बऱ्याच घरांत हे असंच असतं, एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि एक वॉल. नळ आला की वॉल उघडायचा, गेला की बंद. तो वॉल झिजला किंवा कुणी बंद करायला विसरलं तर नळ गेल्यावर टाकीतलं पाणी उलटं रस्त्याच्या पाइपात जातं आणि गल्ली फुकट पाणी भरते. पुण्य लागतं म्हणा. पण गोष्ट नुसत्या पुण्यावर संपत नाही, तुमच्या टाकीतलं, विहिरीचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरतं, नळाचं पाणी राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, शुद्ध करून पाठवलेलं असतं आणि शेजाऱ्याचं पोर ते तसंच पितं. म्हणून हा जोड काढाच. नळाचा पाइप थेट टाकीत वरून सोडा, तोंड पाण्याच्या वर. वरपर्यंत चढायला प्रेशर नसेल तर खाली पिंपात घ्या.

आता स्वयंपाकघरातली चावी. वायसर बदलल्यावर जास्त गळते, यात तुमचं हसं काही झालेलं नाही, हे दर दुसऱ्या माणसाचं होतं. वायसर जिथं टेकतो त्या आतल्या पितळी बैठकीला खाच पडलेली असते. वर्षानुवर्षं गळणारी चावी आपण जोर लावून आवळतो, त्यानं वायसर कापला जातो, मग पितळ घासतं. नवीन वायसर त्या खाचेवर बसला तरी खाचेतून पाणी जाणारच. वरचा वॉल बंद करून चावी खोला, टॉर्च मारा, करंगळी आत घालून बैठकीवरून फिरवा. नखाला अडकलं तर खाच आहे. प्लंबरकडं बैठक घासून सपाट करायचं हत्यार असतं, पण त्याची मजुरी आणि नव्या चावीची किंमत यात फार अंतर राहत नाही, नवीन घ्या. बैठक गुळगुळीत असेल तर वायसरचं माप चुकलंय. काउंटरवर रोज माणसं यायची, दोन बोटांत अंतर धरून "एवढा वायसर द्या" म्हणायची, आणि दुकानात पोचेपर्यंत बोटांतलं अंतर बदललेलं असायचं. बैलहोंगलकडचा माणूस कानडीत "वायसर कोड्री" म्हणायचा, खानापूरचा "वायसर दे की", या एका शब्दावर आपल्याकडं कुणाचं भांडण नाही, पण नमुना कुणीच आणायचा नाही. जुना वायसर पिशवीत घालून न्या. आणि तुमची चावी अर्ध्याच वळशात पूर्ण उघडत असेल तर तिच्यात वायसर नसतोच, आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचा स्पिंडल असतो, तो आख्खा बदलायचा, तोही नमुना दाखवून, कारण त्याचे वरचे दाते प्रत्येक कंपनीचे वेगळे.

चावी भिंतीतून काढायची वेळ आली तर जरा थांबा, इथं माझी स्वतःची गोष्ट सांगतो. नरकचतुर्दशी, पहाटे साडेचार, बंबात लाकडं पेटलीत, उटणं वाटीत, आणि न्हाणीतली चावी थेंब थेंब गळते म्हणून मला अवदसा आठवली. म्हटलं दोन मिनिटांत नवीन लावतो, दुकानदाराच्या घरात गळकी चावी कशी. पाना लावून जोर केला, फिरेना, पान्याच्या दांड्याला पाइपचा तुकडा घालून आणखी जोर केला. कट्ट. चावी हातात आली आणि तिच्याबरोबर जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) निपलचा अर्धा भाग, उरलेला अर्धा भिंतीत. पाणी माझ्या तोंडावर, वॉल वर स्लॅबवर, आणि शिडी शेजाऱ्याकडं. घरातल्या सगळ्यांनी अभ्यंगस्नान त्या फवाऱ्यातच उरकलं असं आमची मंडळी अजून पाहुण्यांना सांगते. प्लंबर आला पाडव्याला. आत अडकलेल्या तुकड्याला हॅक्सॉ ब्लेडनं दोन बारीक चिरा पाडून, छिन्नीनं आत मुडपून, आट्याला धक्का न लावता काढला, आणि जाताना म्हणाला, "अण्णा, मी तुमच्याच दुकानातनं पाना घेतलो होतो, तुम्ही कसा काय मोडलासा?"

जुना जीआय पाइप आतून गंजलेला असतो, बाहेरून कळत नाही. म्हणून नियम एवढाच, आधी पाणी बंद, मग साध्या जोरानं बघायचं, फिरलं तर फिरलं. नाही फिरलं तर त्याच्यावर रॉकेल नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर सोडायचं, सकाळी एकदा. तरी नाही तर हात काढून घ्या आणि माणूस बोलवा. नवी चावी बसवताना टेफ्लॉन टेप आट्याचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा, उलटी गुंडाळली तर चावी फिरवताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. पितळी आट्याला दहा-बारा वेढे लागतात, लोक तीन वेढे मारून मग जोरावर भरवसा ठेवतात. प्लास्टिकच्या आट्यावर मात्र जोर नकोच, हातानं घट्ट आणि वर पान्यानं एखादा वळसा, जास्त केलं की सॉकेटला चीर जाते आणि ती चीर भिंतीच्या आत असते.

वरच्या न्हाणीतलं फुरफुरणं म्हणजे लाइनमध्ये हवा अडकते. टाकी दुपारी पूर्ण रिकामी होते, पाइपात हवा शिरते, पुन्हा भरली तरी उंचवट्यावरची ती हवा पाण्याला वाट देत नाही. टाकी रिकामी व्हायची थांबली की हे आपोआप बहुतेक थांबेल. तोपर्यंत नळाला रबरी नळीचा तुकडा घट्ट लावून तोंडानं जोरात फुंका, टाकीत बुडबुडे आल्याचा आवाज येईल, मग सोडा. कायमचा उपाय म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपवर, वॉलच्या पुढं, एक उभी हवेची नळी, टाकीपेक्षा उंच. तुमच्या प्लंबरला तेवढं काम द्या, पस्तीस हजाराच्या बदल्यात.

सिंकचा वास. खालची बाटलीसारखी ट्रॅप हातानं फिरवून काढा, आत चहाचा चोथा, भाताची पेज आणि तूप यांचा एक करडा गोळा मिळेल, धुऊन परत लावा, रबराची रिंग विसरू नका. काढताना खाली बादली ठेवा. आणि मग ती बादली त्याच सिंकमध्ये ओतू नका, हसू नका, मी ओतलेली आहे. ॲसिड घालू नका, उकळतं पाणीही नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो, हाताला सोसेल एवढं गरम पुरे. ट्रॅप साफ असून वास येत असेल तर जमिनीतल्या जाळीत तांब्याभर पाणी ओता, तिथलं पाणी सुकलं की गटाराचा वास सरळ घरात येतो, ती जागा कधीच वापरात नसेल तर आठवड्याला ओतत राहा.

मोटारीच्या वायरी आणि गिझर यांना हात लावायचा नाही, व्हिडिओ कितीही सोपा दिसू दे.

जत्रेच्या मंगळवारी वीस माणसांना एक टाकी पुरेल, पण विहिरीचं पाणी सकाळी सहाला एकदा आणि दुपारी पंगत उठल्यावर एकदा असं चढवा, भांडी घासायला बायका बसतात तेव्हा टाकी निम्मी असायला नको. तेव्हा सासूबाई आणि वरच्या वहिनी एकाच मोरीवर बसलेल्या असतील तर बरं, पण ते तुमच्या घरातलं, मी फक्त पाइपांचं सांगतो. त्या वहीतले आकडे मात्र वहिनींनाही दाखवा, दोन महिने त्यांच्यावर उगाच आळ होता.

आणि टाकीखालचा गेटवॉल बदलायला लागला तर पितळी बॉल वॉल बसवून घ्या, पाव वळशात बंद होतो, उघडा की बंद ते दांड्यावरून लांबून दिसतं. काढलेला जुना वॉल प्लंबर खिशात घालायला लागला तर मागून घ्या, भंगारात पितळेला चांगला भाव आहे.